घसरते भाव, चढते भाव

(अमेरिकेच्या दोन अध्यक्षांच्या पहिल्या भाषणांच्या संग्रहाची प्रस्तावना)

अमेरिकेची राज्यघटना नव्या अध्यक्षाकडून एकच गोष्ट मागते : ३५ शब्दांची शपथ. भाषण करावे असे तिच्यात कुठेही लिहिलेले नाही. १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी शपथेनंतर भाषण केले आणि प्रथा पडली. पुढे निवडून आलेल्या कुणाचीही ती मोडायची छाती झाली नाही. (वॉशिंग्टन यांनी दुसऱ्या खेपेला अवघ्या १३५ शब्दांत काम उरकले. तो कित्ता मात्र कुणी गिरवला नाही.) आपल्याकडे राष्ट्रपती संसदेपुढे अभिभाषण करतात ते सरकारने तयार करून दिलेले असते, आणि ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असते. तिथे तसे नाही. मसुदा दुसऱ्याने लिहिलेला असला तरी समोर उभा असलेला माणूस स्वतःच्या नावाने बोलतो, आणि बोललेल्याचा हिशेब चार वर्षे त्याच्याकडूनच मागितला जातो.

यांतली बहुतेक भाषणे दुसऱ्या दिवशीच शिळी होतात. देवाचे नाव, पूर्वजांचे स्मरण, एकजुटीचे आवाहन, टाळ्या. या पुस्तकात एकापाठोपाठ छापलेली दोन भाषणे त्या रांगेतली नाहीत. पहिले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे, ४ मार्च १९३३ चे. दुसरे रोनाल्ड रेगन यांचे, २० जानेवारी १९८१ चे. दोघेही आर्थिक संकटाने गांजलेल्या मतदारांनी निवडून दिलेले. दोघांनीही सत्तेवर असलेल्या अध्यक्षाचा दणदणीत पराभव केलेला. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४२ राज्ये जिंकली, रेगन यांनी ५० पैकी ४४. आणि दोघांच्याही भाषणातले एकेक वाक्य जगभर पसरले. रूझवेल्ट म्हणाले, भ्यायचेच असेल तर आपण फक्त भीतीला भ्यावे. रेगन म्हणाले, सरकार हे आपल्या प्रश्नावरचे उत्तर नाही, सरकार हाच प्रश्न आहे.

या दोन वाक्यांचे पुढे झेंडे झाले. सरकारने अर्थव्यवस्थेत उतरावे असे वाटणारे एकाखाली उभे राहिले, सरकारने बाजूला व्हावे असे वाटणारे दुसऱ्याखाली. त्यामुळे ही दोन भाषणे म्हणजे एकाच वादातल्या दोन बाजू, अशी समजूत रुळली आहे. मला ती पटत नाही. ही दोन माणसे एकाच प्रश्नाला दोन उत्तरे देत नव्हती. त्यांच्यासमोरचे प्रश्नच उलटे होते. १९३३ मध्ये वस्तूंचे भाव कोसळत होते, १९८१ मध्ये ते थांबता थांबत नव्हते. एका वेळी पैसा इतका महाग झाला होता की कुणाच्या हाती लागत नव्हता. दुसऱ्या वेळी तो इतका स्वस्त होत चालला होता की हातात ठेववत नव्हता. हा फरक लक्षात ठेवून भाषणे वाचली तर त्यांतल्या बऱ्याच जागा वेगळ्या दिसू लागतात.

आधी १९३३. नोव्हेंबर १९३२ मध्ये निवडणूक झाली, पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे नवा अध्यक्ष मार्चमध्ये यायचा. मधले चार महिने देशाला धनी नव्हता म्हटले तरी चालेल. मावळते अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर हरलेले होते आणि रूझवेल्ट यांच्या हाती अजून काही नव्हते. हूव्हर यांनी फेब्रुवारीत पत्र पाठवून, चलन पातळ करणार नाही आणि अंदाजपत्रक जुळवीन अशी ग्वाही आत्ताच जाहीरपणे द्या, असे सुचवले. रूझवेल्ट यांनी दाद दिली नाही. अधिकाराआधी जबाबदारी अंगावर घ्यायची नाही हा त्यातला हिशेब राजकारण म्हणून बिनचूक होता. ठेवीदारांच्या दृष्टीने तो निष्ठूरच म्हणावा लागेल. कारण त्याच फेब्रुवारीत बँकांचा बांध फुटला. १४ तारखेला मिशिगनच्या गव्हर्नरने राज्यातल्या सगळ्या बँका बंद केल्या आणि लोण एकेका राज्यात पसरले. दुसऱ्याच दिवशी मायामीत रूझवेल्ट यांच्या रोखाने गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले, शेजारी उभे असलेले शिकागोचे महापौर अँटन सर्मॅक जखमी झाले आणि पुढे मार्चमध्ये दगावले. ४ मार्चची पहाट उजाडण्याआधी न्यूयॉर्क आणि इलिनॉय या दोन राज्यांनीही बँकांना टाळे लावले. शपथविधीच्या दिवशी न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला नाही.

आकडे सांगायचे तर, काम मागणाऱ्या चौघांतला एक बेकार होता. १९३० पासून सुमारे ९,००० बँका बुडाल्या होत्या. पण मला या आकड्यांपेक्षा गव्हाचा भाव अधिक बोलका वाटतो. १९२९ मध्ये बुशेलला साधारण १ डॉलर मिळत होता; १९३२ मध्ये ४० सेंटसुद्धा मिळेनात. शेतकऱ्याने जमीन गहाण टाकून कर्ज काढले होते ते मात्र डॉलरांत, आणि त्यातला एक सेंटही कमी झाला नव्हता. तेवढाच हप्ता फेडायला त्याला अडीचपट गहू विकावा लागत होता, आणि सगळेच अधिक विकू लागले की भाव आणखी पडत होता. कर्जदार बुडाला की बँक बुडायची, बँक बुडाली की शेजारच्या बँकेपुढे रांग लागायची. या घसरणीची झळ आपल्याकडेही पोचली होती. पिकांचे भाव पडल्याने गावोगावच्या कुटुंबांनी अंगावरचे सोने मोडले आणि १९३१ नंतर ते मुंबई बंदरातून मोठ्या प्रमाणावर परदेशी गेले.

हे ध्यानात घेतले की भीतीबद्दलचे ते वाक्य निव्वळ धीर देणारे राहत नाही. बँकेपुढची रांग ही शब्दशः भीतीची रांग असते. कोणतीही बँक, ती कितीही सुदृढ असो, सगळ्या ठेवी एकाच दिवशी परत करू शकत नाही. लोक घाबरले म्हणून ती बुडते, आणि ती बुडते म्हणून लोकांची भीती खरी ठरते. म्हणजे रूझवेल्ट इथे रोगाचे निदान सांगत आहेत. आणि लगेच पुढे, परिस्थिती काळीकुट्ट आहे हे नाकारणारा मूर्खच असेल, असेही ते सुनावतात. सुभाषितांच्या संग्रहांत हा दुसरा भाग येत नाही.

भाषणाचा मसुदा रेमंड मोली या प्राध्यापक सल्लागाराचा. २७ फेब्रुवारीच्या रात्री हाइड पार्कच्या घरी रूझवेल्ट यांनी तो समोर ठेवून सगळे भाषण स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून काढले आणि मोली यांनी आपली प्रत शेकोटीत टाकली. हाताने लिहिलेली प्रत तेवढी उरली, त्यामुळे भाषण रूझवेल्ट यांनी एका बैठकीत स्वतःच रचले असा समज कित्येक वर्षे टिकून होता. गंमत म्हणजे त्या प्रतीत भीतीचे वाक्य नाही. ते नंतर शिरले. लुई हाउ या त्यांच्या जुन्या साथीदाराने ते घातले असे मानले जाते. भाषणापूर्वी खोलीत थांबलेले असताना रूझवेल्ट यांनी आरंभी आणखी एक वाक्य पेन्सिलीने टाकले : आजचा दिवस देशाने स्वतःला वाहून घेण्याचा आहे. आवाज धर्मोपदेशकाचा आहे, आणि तो पुढे बराच वेळ तसाच राहतो. येशूने मंदिरातून सराफांना हुसकावले ती बायबलमधली कथा श्रोत्यांना पाठ होती. तीच उचलून रूझवेल्ट सांगतात की सराफ आता संस्कृतीच्या मंदिरातून पळाले आहेत. बँकवाल्यांवरचा इतका थेट प्रहार संसदभवनाच्या, म्हणजे कॅपिटॉलच्या, पायऱ्यांवरून क्वचितच झाला असेल.

आणि मग आठवड्याभरात घडले काय? बँका सरकारजमा करण्याची हीच वेळ होती. तशी मागणी करणारे काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, होते आणि त्यांना अडवणारे फारसे कुणी उरले नव्हते. रूझवेल्ट यांनी ते केले नाही. हूव्हर यांच्या अर्थखात्यातलेच अधिकारी रात्ररात्र बसून तोडगा काढत राहिले. ६ मार्चला देशभरच्या बँकांना सुटी जाहीर झाली. ९ मार्चला बँकविषयक तातडीचा कायदा एका दिवसात मंजूर झाला. १२ मार्चच्या रविवारी रूझवेल्ट रेडिओवर आले आणि बँक म्हणजे काय, तुमच्या पैशाचे ती काय करते, हे त्यांनी शाळामास्तराच्या सबुरीने समजावून सांगितले. १३ तारखेपासून बँका टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या तेव्हा लोक पैसे काढायला नव्हे, भरायला आले. १५ मार्चला शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक एका दिवसात १५ टक्क्यांहून अधिक चढला. सराफ मंदिरात परतले होते. फक्त आता दारात पहारेकरी होता.

या भाषणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा परिच्छेद शेवटाकडे आहे आणि तो फार थोड्या जणांच्या लक्षात असतो. रूझवेल्ट म्हणतात, नेहमीच्या घटनात्मक वाटेने काम होईल अशी मला आशा आहे. पण काँग्रेस कमी पडली आणि आणीबाणी तशीच राहिली, तर परक्या शत्रूने स्वारी केली असता जेवढे अधिकार मला मिळाले असते तेवढे व्यापक अधिकार मी तिच्याकडे मागेन. त्या दिवशी सर्वांत मोठा टाळ्यांचा कडकडाट झाला तो या ठिकाणी. त्यांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांना तो ऐकून थोडी धास्ती वाटली आणि त्यांनी ती बोलूनही दाखवली. धास्ती अनाठायी नव्हती. वॉल्टर लिपमन यांच्यासारखा नेमस्त पत्रकारही त्या दिवसांत, हुकूमशहाचे अधिकार घेण्यावाचून कदाचित गत्यंतर उरणार नाही, असे रूझवेल्ट यांना सांगून आला होता. भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी, ५ मार्चला, जर्मनीत मतदान झाले आणि नाझी पक्षाला जवळजवळ ४४ टक्के मते पडली. २३ मार्चला तिथल्या संसदेने सगळे अधिकार हिटलरच्या हवाली केले.

म्हणून हा परिच्छेद वाचताना क्रियापदाकडे नीट पाहावे. रूझवेल्ट ‘घेईन’ म्हणत नाहीत, ‘मागेन’ म्हणतात, आणि ज्यांच्याकडे मागायचे त्यांना नकार देण्याची मुभा असते. तरीही मी त्यांना पूर्ण निर्दोष सोडायला तयार नाही. दोनच दिवसांनी बँकांना सुटी देताना त्यांनी आधार घेतला तो १९१७ च्या, शत्रूराष्ट्राशी व्यापार करण्यावर निर्बंध घालणाऱ्या, महायुद्धातल्या कायद्याचा. युद्धाची भाषा भाषणापुरती नव्हती. नागरिकांनी शिस्तबद्ध, निष्ठावंत सैन्यासारखे एका चालीने पुढे जावे, असेही याच भाषणात आहे; आणि १९३३ च्या युरोपात अशी वाक्ये कोण कोण उच्चारत होते हे आठवले की अंगावर काटा येतो. अमेरिका त्या वाटेने गेली नाही याचे श्रेय रूझवेल्ट यांच्या स्वभावाला आहे तेवढेच, पुढच्या काही वर्षांत त्यांचे कायदे रद्दबातल ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयालाही आहे.

आता १९८१. इथे बँकांपुढे रांगा नाहीत. पेट्रोल पंपांपुढे होत्या, पण त्या १९७९ मध्ये ओसरल्या. इथले दुखणे सावकाश मुरलेले आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात महागाईचा दर २ टक्क्यांच्या आत होता. १९८० मध्ये तो १३.५ टक्के झाला. व्हिएतनामचे युद्ध आणि समाजकल्याणाचा वाढता खर्च कर न वाढवता एकदम अंगावर घेतलेला, १९७३ आणि १९७९ असे तेलाचे दोन धक्के, आणि व्याजदर वेळेवर वाढवायला कचरणारी मध्यवर्ती बँक, अशी कारणे एकात एक गुंतली होती. महागाईबरोबर बेकारी कमी व्हायला हवी असे पाठ्यपुस्तके सांगत. इथे दोन्ही एकदम वाढत होत्या.

पगारदाराची तर खास कोंडी झाली होती. महागाई भरून काढण्यापुरता पगार वाढला की तो कराच्या वरच्या टप्प्यात जायचा. खिशातल्या पैशाची ताकद तेवढीच, कर मात्र जास्त. काँग्रेसमध्ये कुणीही हात वर न करता दरवर्षी करवाढ होत होती. सरकार हाच प्रश्न आहे हे वाक्य ज्याच्या कानावर पडले त्याच्या डोळ्यांपुढे पगाराची ही पावती होती. तत्त्वज्ञान नंतर आले.

आणि वाक्य पूर्ण वाचावे. त्याची सुरुवात ‘या आत्ताच्या संकटात’ अशी आहे. झेंड्यावर वाक्य लिहिणाऱ्यांनी ती छाटली. रेगन पुढे लगेच स्पष्ट करतात की सरकार मोडीत काढण्याचा माझा विचार नाही. ते चालावे, पण आमच्याबरोबर, आमच्या पाठीवर बसून नव्हे. राज्यांनी केंद्र सरकार निर्माण केले, केंद्राने राज्ये नव्हे, असाही टोला आहे. तो अमेरिकेच्या दक्षिण भागात वेगळ्या अर्थाने ऐकला गेला असणार, कारण राज्यांच्या हक्कांची भाषा तिथे वर्णभेदाच्या बचावासाठी वापरली गेली होती. रेगन यांना हे कळत नव्हते असे मानण्याइतका मी भोळा नाही.

लेखन म्हणून तुलना करायची तर माझे मत रेगन यांच्या बाजूने पडते. रूझवेल्ट यांचे भाषण मधेच कोरडे होते. शेतमालाचे भाव, बँकांवर देखरेख, शहरांतली दाटी कमी करणे अशी कलमे एकामागून एक येतात आणि प्रवचनकार अचानक कारकून होतो. रेगन यांचे भाषण एका दमात वाहते. भाषणलेखक केन खाचिगियन यांचा मसुदा त्यांनी पिवळ्या कागदांच्या वहीत स्वतः फिरवून लिहिला होता. चित्रपटातल्या माणसाला दृश्य कसे उलगडावे हे सांगावे लागत नाही. शपथविधी त्या वर्षी प्रथमच कॅपिटॉलच्या पश्चिम बाजूला झाला. कॅलिफोर्नियाच्या माणसाने पश्चिमेकडे तोंड केले अशी त्याची कथा झाली. खरे तर काँग्रेसच्या समितीने हा निर्णय निवडणुकीआधीच, खर्च वाचावा आणि अधिक लोकांना पाहता यावे म्हणून, घेतला होता. रेगन यांनी त्या जागेचे सोने केले. समोर वॉशिंग्टनचा स्तंभ, पलीकडे जेफरसन आणि लिंकन यांची स्मारके, नदीपल्याड आर्लिंग्टनची दफनभूमी. ते नाव घेत गेले, कॅमेरे वळत गेले.

आर्लिंग्टनच्या पांढऱ्या शिळांवरून ते मार्टिन ट्रेप्टोवर येतात : न्हाव्याच्या दुकानातले काम सोडून पहिल्या महायुद्धात गेलेला आणि फ्रान्समध्ये मारला गेलेला तरुण. त्याच्या डायरीत, ही लढाई जणू माझ्या एकट्यावरच अवलंबून आहे असे समजून मी कष्ट करीन, काटकसर करीन, अशी प्रतिज्ञा सापडली. ऐकणाऱ्याला वाटते की ट्रेप्टो त्या समोरच्या शिळांपैकीच एकीखाली आहे. तो तिथे नाही. विस्कॉन्सिनमधल्या ब्लूमर या गावी पुरलेला आहे. खाचिगियन यांना हे आधी कळले होते आणि त्यांनी ते रेगन यांना सांगितलेही होते. रेगन यांनी मजकूर बदलला नाही. तपशील हलला तरी भावना खरी आहे ना, हा त्यांचा हिशेब, आणि पुढची आठ वर्षे तो अनेकदा दिसला.

रूझवेल्ट यांचा नागरिक सैनिक आहे. रेगन यांचा नागरिक दुकानाच्या गल्ल्याच्या अलीकडे किंवा पलीकडे उभा आहे, आणि तोच नायक आहे असे ते सांगतात. पण शेवट करायची वेळ आली तेव्हा त्यांनाही सैनिकच आणावा लागला. त्याग मागायचा तर गल्ल्यापाशी उभ्या माणसाकडून कसा मागणार?

आता दोन्ही भाषणांतल्या एका मोठ्या मौनाबद्दल. भाव घसरत असोत की चढत असोत, मूळ प्रश्न पैशाच्या मोलाचा होता, आणि दोघांनीही त्याला भाषणात जेमतेम हात लावला. रूझवेल्ट पुरेशा पण भक्कम चलनाची व्यवस्था करू म्हणतात. सोन्याचा उल्लेख नाही. प्रत्यक्षात पुढच्या महिन्यात त्यांनी डॉलर सोन्यापासून सोडवला, लोकांजवळचे सोने सरकारजमा करवले, आणि १९३४ च्या आरंभी सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर केला. भाव पुन्हा वर आले, कर्जदाराच्या गळ्याचा फास सैल झाला. आजचे बरेच अर्थतज्ज्ञ त्या सुधारणेचे श्रेय गाजलेल्या योजनांपेक्षा या निर्णयाला अधिक देतात. उलट, सरकारी खर्चाबद्दल भाषणात जे आहे ते काटकसरीचेच आहे : सगळ्या पातळ्यांवरचा सरकारी खर्च कमी करू, जमा आणि खर्च जुळवू. २० मार्चच्या कायद्याने सरकारी पगार आणि माजी सैनिकांचे भत्ते खरोखर कापलेही गेले. सढळ खर्चाचे आद्य पुरुष म्हणून ज्यांची तसबीर लावली जाते त्यांचा पहिला महिना असा होता.

रेगन यांच्या भाषणात फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक कुठेच नाही. महागाईचा दोष तुटीवर आणि सरकारच्या वाढीवर आहे. पण महागाई मोडली ती या बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी, आणि त्यांची नेमणूक १९७९ मध्ये आधीचे अध्यक्ष कार्टर यांनी केलेली. भाषण झाले त्याच्या महिनाभर आधी बँकांचा मूळ व्याजदर २१.५ टक्क्यांवर गेला होता. घरबांधणी ठप्प झाली तेव्हा बांधकाम व्यावसायिक व्होल्कर यांना निषेध म्हणून लाकडाचे तुकडे टपालाने पाठवू लागले. १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्के झाली. महामंदीनंतर इतकी कधी झाली नव्हती. त्या नोव्हेंबरात रेगन यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या २६ जागा गमावल्या. तरी त्यांनी व्होल्कर यांचे पाय ओढले नाहीत आणि १९८३ मध्ये त्यांना पुन्हा नेमले. त्या वर्षी महागाई ३ टक्क्यांच्या आसपास होती. माझ्या मते रेगन यांच्या आर्थिक कारभारातले हे सर्वांत धैर्याचे काम, आणि ते भाषणात सांगता येण्यासारखे नव्हते. लोकांना मुद्दाम बेकार होऊ देऊन भाव उतरवू, असे पायऱ्यांवरून कोण बोलणार? जे सांगितले होते, म्हणजे तुटीवर तूट रचून भविष्य गहाण टाकणे बंद, ते मात्र झाले नाही. करकपात झाली, संरक्षणखर्च वाढला, आणि आठ वर्षांत केंद्राचे कर्ज जवळपास तिप्पट झाले.

दोघांना समोरासमोर उभे करणाऱ्यांना एक गोष्ट अडचणीची वाटते. १९३३ मध्ये रेगन २२ वर्षांचे होते आणि आयोवात रेडिओवर निवेदक म्हणून नुकते लागले होते. मंदीत त्यांच्या वडिलांचे जोड्यांच्या दुकानातले काम गेले होते. पुढे वडिलांना काम मिळाले ते रूझवेल्ट यांच्याच मदतयोजनेत, इलिनॉयमधल्या डिक्सन गावी. रेगन यांनी रूझवेल्ट यांना चारही वेळा मत दिले. ते त्यांची नक्कल हुबेहूब करीत, सिगारेटच्या नळीसकट. १९८० मध्ये पक्षाची उमेदवारी स्वीकारताना त्यांनी रूझवेल्ट यांचाच, खर्चकपातीचा, उतारा वाचला तेव्हा त्यांच्याच पक्षातले काही जण चपापले. आणि १९८२ च्या जानेवारीत त्यांनी रोजनिशीत नोंदवले की वृत्तपत्रे मला रूझवेल्ट यांचे काम उखडणारा ठरवू पाहत आहेत, माझा रोख मात्र १९६० च्या दशकातल्या अध्यक्ष जॉन्सन यांच्या योजनांवर आहे. १९८३ मध्ये रूझवेल्ट यांची निवृत्तिवेतन योजना पैशाअभावी अडचणीत आली तेव्हा कर वाढवून ती सावरणाऱ्या कायद्यावर सही रेगन यांचीच आहे.

या जोडीत तिसरे भाषण घालावे, असे काहींना वाटेल : बराक ओबामा यांचे, २० जानेवारी २००९ चे. प्रसंगही आर्थिक कोसळणीचाच होता. त्यात ओबामा म्हणतात की सरकार मोठे की लहान हा प्रश्न नसून ते चालते की नाही हा आहे. समंजस वाक्य आहे, पण ते या दोन भाषणांना दिलेले उत्तर आहे आणि ही दोन वाचल्याशिवाय त्याला चव नाही. म्हणून ते इथे घेतलेले नाही.

पुस्तकात भाषणे कालक्रमाने छापली आहेत. माझी सूचना अशी की रेगन आधी वाचावेत. महागाईने हैराण झालेल्या त्या श्रोत्यांत बँकेतली ठेव बुडेल या भीतीने आलेला कुणी नव्हता. १९३३ च्या जूनमधल्या कायद्याने ठेवींना विमा मिळाला होता. रूझवेल्ट त्या विम्याला सुरुवातीला अनुकूल नव्हते, काँग्रेसने तो त्यांच्या गळी उतरवला. म्हातारपणी हाती काहीतरी येईल, नोकरी गेली तर काही आठवडे भत्ता मिळेल, हे १९३५ चे. रेगन यांच्या भाषणात यांपैकी कशाचाही उल्लेख नाही, कारण त्याची आठवण करून देण्याची गरज कुणालाच वाटत नव्हती. मग पाने उलटून ४ मार्च १९३३ कडे जावे. तिथेही उल्लेख नाही. तेव्हा या गोष्टी अस्तित्वातच नव्हत्या.